वाक्प्रचार पाठ झाला, वाक्य कुठे आहे?

‘इडियमला ग्रामर नसतं. अर्थ पाठ करा, पर्यायाला गोल करा, पुढे चला.’ नांदेडच्या भाग्यनगर-श्यामनगरातल्या अभ्यासिकांत आणि लातूरच्या औसा रोडवरच्या क्लासांत हा सल्ला इतक्या वेळा दिला जातो, की तो आता सल्ला वाटतच नाही, नियम वाटतो. स्पर्धा परीक्षेची मुले तो एकमेकांना सांगतात. अकरावी-बारावीची मुले तो मोठ्या भावाकडून ऐकतात. अलीकडे काही इंग्रजीचे शिक्षकही तो खासगीत नव्हे, वर्गात सांगू लागले आहेत.

हा सल्ला साफ चुकीचा आहे. तो परीक्षेसाठी चुकीचा आहे, भाषेसाठी चुकीचा आहे आणि मराठवाड्यातल्या मराठी माध्यमाच्या मुलावर तर तो सरळ अन्याय करतो. मी याच भागात वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवत आलो आहे, म्हणून हे गप्प बसून ऐकून घेणे मला जमत नाही.

आधी परीक्षेचेच बोलू, कारण सल्ला देणारे परीक्षेचाच हवाला देतात. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संयुक्त परीक्षेचा भाषेचा अभ्यासक्रम काढून पाहा. त्यात शब्दसंग्रह, वाक्यरचना आणि व्याकरण यांच्या जोडीला वाक्प्रचार आणि म्हणी आहेत, आणि त्यांच्यापुढे ‘अर्थ आणि उपयोग’ असे स्पष्ट छापलेले आहे. मराठीसाठीही तेच, इंग्रजीसाठीही तेच. क्लासवाल्यांनी यातला ‘अर्थ’ उचलला आणि ‘उपयोग’ टाकून दिला. का टाकला, हे उघड आहे. अर्थाची यादी छापता येते, तिचा ठोकळा करता येतो, तीनशे पोरांच्या बॅचला ती एका तासात वाचून दाखवता येते. उपयोग शिकवायचा तर प्रत्येक पोराने वाक्य लिहावे लागते आणि कुणीतरी ते लाल पेनाने तपासावे लागते. तीनशे वह्या तपासायला कुणाकडे वेळ नाही. ही शिकवणाऱ्याची अडचण आहे. ती भाषेचा नियम म्हणून मुलांच्या गळ्यात बांधणे बरोबर नाही.

शिवाय परीक्षाच बदलली आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली. इंग्रजीचा स्वतंत्र पेपर 300 गुणांचा आहे. तो अर्हतेपुरता आहे, 25 टक्के मिळवले की झाले, हे खरे. पण तेवढे मिळाले नाहीत तर बाकीची मेहनत पाण्यात जाते, हेही तितकेच खरे. या पेपरात गोल करायला पर्याय नसतात. कोरा कागद असतो आणि त्यावर आपले वाक्य आपणच उभे करायचे असते. ज्याने पाच वर्षे फक्त अर्थाशी अर्थ जुळवला, तो या कागदासमोर काय करणार?

आता मूळ दाव्याकडे येऊ. इडियमला व्याकरण नसते, हे कुठून आले? याच्यामागे एक अर्धे सत्य आहे आणि ते मी नाकारत नाही. एच. डब्ल्यू. फाउलर या इंग्रज कोशकाराने 1926 साली इंग्रजी वापराचा जो प्रसिद्ध कोश काढला, त्यात त्याने व्याकरण आणि वाक्प्रचार या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या. कधी त्या एकमेकींशी जुळतात, कधी जुळत नाहीत, असे त्याचे म्हणणे. ‘लाँग टाइम नो सी’ किंवा ‘बाय अँड लार्ज’ व्याकरणाच्या कोष्टकात बसवायला गेलात तर बसणार नाहीत. ‘कम व्हॉट मे’मधली क्रियापदाची ठेवण आजच्या इंग्रजीत सहसा दिसत नाही. एवढ्यावरून आपल्याकडच्या मंडळींनी निष्कर्ष काढला, की सगळेच वाक्प्रचार असे आहेत.

ते तसे नाहीत. जुने व्याकरण वाक्प्रचारात गोठून राहते, म्हणून तो आजच्या नियमात बसत नाही. आपल्या ‘नाकी नऊ येणे’मधले ‘नाकी’ पाहा. आज आपण ‘नाकात’ म्हणतो. ‘नाकी’ ही जुनी सप्तमी आहे, ‘घरी’, ‘दारी’, ‘मनी’ यांच्या कुळातली. ती तिथे गोठली. पण म्हणून ‘नाकी नऊ’ वाक्याच्या बाहेर राहिले का? ‘पोरांना सांभाळता सांभाळता माझ्या नाकी नऊ आले’ हे वाक्य कुणीही बोलेल. ‘मी नाकी नऊ आलो’ असे मराठवाड्यातले चार वर्षांचे पोरही म्हणणार नाही. गोठलेला भाग आत तसाच आणि त्याच्याभोवती आजचे पूर्ण व्याकरण. दाराची फळी जागची बदलत नाही, पण बिजागरी फिरली नाही तर दार उघडत नाही. वाक्प्रचारातही फळी कोणती आणि बिजागरी कोणती एवढेच ओळखायचे असते, आणि इंग्रजी वाक्प्रचाराचे व्याकरण म्हणजे मुख्यतः हेच.

‘टु टेक टु वन्स हील्स’ घ्या. अर्थ पळून जाणे, हे सगळ्यांना पाठ आहे. यात ‘हील्स’ हलत नाही. चोर एकटा असला तरी ‘हील’ होत नाही. ‘टेक’ मात्र हलते: ‘टुक’ होते, ‘टेकन’ होते. आणि ‘वन्स’ तर हललेच पाहिजे. ‘द थीफ टुक टु हिज हील्स’, ‘द थीव्ज टुक टु देअर हील्स’. आता मराठी घ्या. ‘चोराने धूम ठोकली’, ‘चोरांनी धूम ठोकली’, ‘पोरीने धूम ठोकली’. चोर पुरुष असो, बाई असो, एक असो, दहा असोत, क्रियापद ‘धूम’शी जुळते, कारण धूम स्त्रीलिंगी आणि एकवचनी. ‘चोराने धूम ठोकला’ असे कुणी बोलले तर मुखेडच्या बाजारात बसलेली निरक्षर आजीसुद्धा हसेल. तिला नियम सांगता येणार नाही, पण नियम तिच्या जिभेवर आहे.

माझे सगळे म्हणणे इथेच येऊन उभे राहते. मराठी माध्यमाच्या मुलाला वाक्प्रचाराचे व्याकरण नव्याने शिकायचे नसते. ते त्याला येते. प्राथमिक शाळेपासून तो ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न सोडवत आला आहे. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेतही तो त्याने सोडवला आहे. ‘हात टेकणे’ दिले की तो ‘बाबांनी शेवटी हात टेकले’ असे लिहितो, ‘बाबा शेवटी हात टेकणे’ असे लिहीत नाही. ‘तोंडचे पाणी पळणे’ दिले की तो ‘तिच्या तोंडचे पाणी पळाले’ लिहितो. मूळ रूप घ्यायचे, त्यातला कोणता शब्द हलतो ते पाहायचे, काळ लावायचा, कर्ता बसवायचा, विभक्ती जुळवायची, हे सगळे त्याने शेकडो वेळा केलेले असते. आणि नेमके हेच कौशल्य इंग्रजी वाक्प्रचाराला लागते. अशा मुलाला आपण क्लासात बसवतो आणि सांगतो, इंग्रजीचे वेगळे असते, इथे वाक्य करायचे नाही, फक्त अर्थ पाठ करायचा. त्याच्या हातातले चांगले हत्यार आपणच काढून घेतो.

एक उदाहरण जवळून दाखवतो. देगलूर भागातून नांदेडला अभ्यासाला आलेली एक मुलगी. हुशार, अभ्यासिकेत सकाळी पहिली येणारी. ‘टु टर्न अ डेफ इअर’ या वाक्प्रचाराचा अर्थ तिने झोपेतही सांगितला असता. मी म्हटले, वाक्य कर. तिने लिहिले, ‘ही इज टर्न अ डेफ इअर ऑन माय ॲडव्हाइसेस.’ एका वाक्यात तीन चुका. ‘इज टर्न’ हे इंग्रजीत होत नाही. ‘डेफ इअर’नंतर ‘ऑन’ नाही, ‘टु’ येतो. आणि ‘ॲडव्हाइस’ला अनेकवचन नाही. मग मी म्हटले, आता हेच मराठीत लिही. तिने पेन न थांबवता लिहिले, ‘त्याने माझ्या सल्ल्याकडे कानाडोळा केला.’ या वाक्यात एकही चूक नाही. आणि बघा त्यात काय काय आहे. ‘तो’चे ‘त्याने’ झाले. ‘सल्ला’चे सामान्यरूप होऊन ‘सल्ल्या’ झाले. त्याला ‘कडे’ लागले, ‘वर’ लागले नाही, कारण कानाडोळा कशा‘वर’ करत नसतात. क्रियापद ‘कानाडोळा’शी जुळून पुल्लिंगी एकवचनी झाले. हे सगळे तिने विचार न करता केले.

मी तिला एवढेच म्हटले, की मराठीत ‘कडे’ जसे पक्के आहे तसे इंग्रजीत ‘टु’ पक्के आहे, आणि मराठीत तू ‘करणे’चे ‘केला’ केलेस तसे ‘टर्न’चे काहीतरी कर. तिने लिहिले, ‘ही टर्न्ड अ डेफ इअर टु माय ॲडव्हाइस.’ ‘ॲडव्हाइस’चे मला सांगावे लागले, बाकीचे तिचे तिला सुचले. ‘इज’ कुठून आला होता, तेही तिनेच सांगितले. पाचवीपासून फळ्यावरच्या काळांच्या तक्त्यात ‘ही’ आला की त्याच्यापाठोपाठ ‘इज’ येतो, म्हणून हात आपोआप तसा जातो. म्हणजे चूक मराठीमुळे झाली नव्हती. ती इंग्रजीच्या घोकंपट्टीमुळे झाली होती.

म्हणून ‘मराठीत विचार करू नका, मराठी आड येते’ हे दुसरे ठरलेले वाक्यही मला मान्य नाही. मराठी आड येते तेव्हा शब्दाला शब्द ठेवल्यामुळे येते. ‘डोके खाणे’चे कुणी ‘ईट माय हेड’ केले तर ते चूकच. पण देगलूर, बिलोली, धर्माबाद या पट्ट्यातली मुले घरात मराठी, बाजारात तेलुगू, मित्रांत हिंदी किंवा दखनी बोलतात. उदगीरची मुले कानडीही ऐकत वाढतात. एका भाषेतला वाक्प्रचार दुसरीत जसाच्या तसा नेता येत नाही, हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही. आणि वाक्याची चाल कुठे सारखी आहे हेही त्यांना कळते. तेवढे फक्त दाखवून द्यावे लागते.

सर्वांत सुंदर उदाहरण ‘लुक फॉरवर्ड टु’चे आहे. नोकरीच्या अर्जाच्या शेवटी आपली पदवीधर मुले लिहितात, ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टु हिअर फ्रॉम यू.’ इथे ‘हिअर’ चालत नाही, ‘हिअरिंग’ लागते. का लागते, हे क्लासात कुणी सांगत नाही, अपवाद म्हणून पाठ करायला सांगतात. हा अपवाद नाहीच. इथला ‘टु’ क्रियापदाचा नाही, तो आपल्या ‘कडे’सारखा आहे. मराठीत आपण म्हणतो, ‘तुमच्या येण्याकडे डोळे लावून बसलो आहोत.’ ‘येणे’ या क्रियेचे नाम झाले, त्याचे सामान्यरूप ‘येण्या’ झाले आणि मग ‘कडे’ लागले. ‘येकडे डोळे लावून बसलो’ असे आपण म्हणत नाही. इंग्रजीतही तेच घडते. ‘टु’च्या पुढे क्रियेला नाम व्हावे लागते, म्हणून ‘हिअर’चे ‘हिअरिंग’. पाऊस लांबला की ज्या घरात सगळे आभाळाकडे डोळे लावून बसतात, त्या घरातल्या मुलाला हे दोन मिनिटांत कळते. आणि एकदा कळले की ‘यूज्ड टु’चा सवय असण्याचा अर्थही त्याच वाटेने सुटतो.

पुढची पायरी जरा वरची आहे, पण तीही आपल्या आवाक्यातली आहे. जेफ्री नुनबर्ग, आयव्हन सॅग आणि थॉमस वासो या तीन अमेरिकन भाषातज्ज्ञांनी 1994 साली इंग्रजी वाक्प्रचारांवर एक मोठा लेख लिहिला. त्यांनी दाखवले, की काही वाक्प्रचारांतले शब्द आपापला वाटा उचलतात आणि काहींत सगळा अर्थ अख्ख्या गठ्ठ्याचा असतो. ‘स्पिल द बीन्स’मध्ये ‘बीन्स’ म्हणजे गुपित आणि ‘स्पिल’ म्हणजे फोडणे, असे वाटे पाडता येतात. म्हणून ‘द बीन्स वेअर स्पिल्ड’ असा कर्मणी प्रयोग चालतो. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे. त्यात बादलीचा वेगळा अर्थ नाही. म्हणून ‘द बकेट वॉज किक्ड’ म्हटले की कुणीतरी खरीखुरी बादली लाथाडली एवढाच अर्थ उरतो.

हा भेद मराठीत जसाच्या तसा आहे. ‘कंपनीने गाशा गुंडाळला’चे ‘कंपनीचा गाशा गुंडाळला गेला’ होते, वर्तमानपत्रांत आपण ते वाचतो. पण ‘म्हाताऱ्याने राम म्हटला’चे ‘राम म्हटला गेला’ केले की मरण निघून जाते आणि मागे नुसता नामजप राहतो. अकरावीच्या वर्गात ही जोडी मांडून पाहा. मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसते त्यासाठी मी ही नोकरी करत आलो. आणि मग हेही सांगता येते, की ‘किक द बकेट’ हे सांत्वनाच्या पत्रात लिहायचे नसते, जसे ‘राम म्हटला’ हे आपण दुःखाच्या घरी जाऊन म्हणत नाही. कुठे काय शोभते, हेही वापराचाच भाग आहे. अर्थाच्या यादीत ते कुठेही लिहिलेले नसते.

जिथे मराठी मदत करत नाही तिथेही बोलले पाहिजे, नाहीतर माझे म्हणणे खोटे ठरेल. अशा दोन जागा आहेत आणि आपल्या मुलांच्या बहुतेक चुका तिथेच होतात. पहिली जागा म्हणजे ‘अ’ आणि ‘द’. मराठीत ही उपपदे नाहीत. ‘ॲट द इलेव्हन्थ अवर’मध्ये ‘द’ का, ‘वन्स इन अ ब्लू मून’मध्ये ‘अ’ का, ‘अ बोल्ट फ्रॉम द ब्लू’मध्ये दोन्ही का, याला मराठीतून वाट नाही. इथे पाठ करणे आलेच, पण पाठ करायचा तो वाक्प्रचार उपपदासकट, पूर्ण वाक्यात आणि मोठ्याने. नुसते ‘इलेव्हन्थ अवर म्हणजे शेवटचा क्षण’ असे वहीत लिहिणाऱ्या मुलाचा ‘द’ गळणारच. दुसरी जागा म्हणजे ते ‘वन्स’. मराठीत ‘आपल्या पायावर धोंडा पाडून घेणे’ असे असते आणि ते ‘आपल्या’ मी, तू, तो, ते सगळ्यांना चालते. इंग्रजीत ते ‘माय’, ‘युअर’, ‘हिज’, ‘देअर’ असे दरवेळी बदलते. मराठी मुलाला हे बदलण्याची सवय नसते, म्हणून ‘ही टुक टु वन्स हील्स’ अशी वाक्ये होतात. ही चूक आळशीपणाची नाही. तिचे कारण सांगितले की ती लवकर जाते. कारण न सांगता नुसती लाल रेघ ओढली तर ती पदवीपर्यंत टिकते.

आता तिसऱ्या गटाला उत्तर देतो. हे लोक क्लासवाले नाहीत, चांगले शिकलेले आहेत. ते म्हणतात, व्याकरणाचा एवढा बाऊ कशाला? भाषा म्हणजे संवाद. समोरच्याला कळले की झाले. प्रशिक्षणाच्या कार्यशाळांत हे वारंवार ऐकायला मिळते, आणि ‘संवादक्षमता’ हा शब्द त्याच्या पाठीशी उभा केला जातो. हा विचार डेल हाइम्स या अमेरिकन अभ्यासकाने 1960 आणि 70च्या दशकांत मांडला. त्याने भाषेच्या वापराबद्दल चार प्रश्न विचारले होते. प्रयोग शोभतो का, प्रत्यक्षात कुणी असे बोलते का, हे त्यात होतेच. पण पहिला प्रश्न होता, हे रचनेच्या दृष्टीने शक्य आहे का? म्हणजे व्याकरण. ज्याच्या नावाने व्याकरण सोडायला सांगितले जाते, त्याने ते सोडले नव्हते.

आणि ‘कळले की झाले’ हे म्हणणे कुणाला परवडते? पुण्या-मुंबईच्या इंग्रजी माध्यमातल्या मुलाने चूक केली तर ती त्याची शैली ठरते, घाई ठरते, टायपिंगची चूक ठरते. किनवटच्या, अहमदपूरच्या, निलंग्याच्या मुलाने तीच चूक केली तर मुलाखत घेणाऱ्याच्या मनात एकच नोंद होते: मराठी माध्यम. मग त्याचे विषयज्ञान कितीही पक्के असो, पुढचे ऐकण्याआधी माप झालेले असते. हे चूक आहे, संतापजनक आहे, पण असे घडते. ज्याच्या वाक्याकडे लोक आधीच संशयाने बघतात, त्याला बिनचूक वाक्य ही चैन नसते, ती त्याची ढाल असते. ती त्याच्या हातून काढून घेणाऱ्यांना मी उदार म्हणणार नाही.

चौथा मुद्दा वेळेचा. लातूर-नांदेडचे पालक विचारतात, सर, नीटमध्ये इंग्रजी कुठे आहे? बरोबर आहे, नाही. 720 गुण, 180 प्रश्न, भौतिक, रसायन, जीवशास्त्र. इंग्रजी बारावीत पास होण्यापुरते, कारण वैद्यकीय प्रवेशाला ते पास असावे लागते. त्यामुळे इंग्रजीच्या तासाला वर्ग रिकामा आणि त्याच वेळी क्लासात टेस्ट सिरीज. लातूर पॅटर्नचे नाव ज्या राजर्षी शाहू महाविद्यालयाशी जोडलेले आहे, तिथे दीर्घकाळ प्राचार्य राहिलेले आणि 1994 साली स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले डॉ. जनार्दन वाघमारे हे इंग्रजीचे प्राध्यापक. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा अभ्यास त्यांनी मराठीत आणला. इंग्रजीच्या माणसाने उभ्या केलेल्या या परंपरेत इंग्रजी हा ‘पासपुरता’ विषय होऊन बसावा, याचे मला मनापासून दुःख आहे.

आणि नीट झाल्यावर काय? एमबीबीएसची पुस्तके, तोंडी परीक्षा, रुग्णाचे कागद, सगळे इंग्रजीत. तिथे ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ लागत नाही, हे मान्य. तसा तो वाक्प्रचार आता इंग्लंडातही फारसा कुणी बोलत नाही, आपल्या गाईडांतच तो ठाण मांडून आहे. पण ‘रूल आउट’ रोज लागतो. ‘वी रूल्ड आउट डेंग्यू.’ ‘डेंग्यू वॉज रूल्ड आउट.’ आणि सर्वनाम आले की ‘वी रूल्ड इट आउट’. ‘रूल्ड आउट इट’ होत नाही. ‘कॅरी आउट’, ‘पुट ऑफ’ यांचेही तसेच. हेही वाक्प्रचारच आहेत आणि यांना कडक व्याकरण आहे. वॉर्डात रात्री दोन वाजता केस पेपर लिहिणाऱ्या मुलीला त्याचा अर्थ ठाऊक असून भागत नाही. पुढची पाळी घेणाऱ्याला वाक्य वाचून कळले पाहिजे, की डेंग्यू नाही हे ठरले, की ते अजून ठरायचे आहे.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज पदवीला बसलेल्या मुलाने जवळजवळ सगळे शालेय आयुष्य इंग्रजीच्या तासात काढले आहे. तरी त्याला वाक्प्रचार घालून एक वाक्य लिहिता येत नसेल, तर दोष त्याचा नाही. त्याच्याकडे वाक्य मागितलेच गेले नाही. निजामाच्या काळात उर्दू माध्यमातून शिकलेली आमच्याकडची जुनी माणसे होती. त्यांचे उच्चार उर्दू वळणाचे होते, पण अर्ज इंग्रजीत बिनचूक लिहीत. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन बसलेल्यांचेही तसेच. मराठी वाक्य, त्याचे इंग्रजी वाक्य, पुन्हा मराठी, पुन्हा इंग्रजी. त्या पद्धतीतही उणिवा होत्या, पण ती मुलाला लिहायला लावत होती. पर्यायाला गोल करणारा हात वाक्य लिहायला कधी शिकणार?

पाचशे वाक्प्रचारांच्या यादीची कुणालाही गरज नाही. जे आजच्या इंग्रजी वर्तमानपत्रात, पुस्तकात, कार्यालयीन पत्रात खरोखर दिसतात असे चाळीस-पन्नास पुरेत. प्रत्येकाची तीन वाक्ये: एक भूतकाळात, एक कर्ता बदलून, एक प्रश्न करून. शेजारी मराठीतला जवळचा वाक्प्रचार, तोही वाक्यात. एवढ्याने जे येते ते वर्षभर ठोकळा घोकून येत नाही.

लातूर विभागीय मंडळाच्या लातूर, नांदेड, धाराशिव या तिन्ही जिल्ह्यांतल्या कनिष्ठ महाविद्यालयांतल्या इंग्रजीच्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे. येत्या घटक चाचणीत वाक्प्रचारापुढे चार पर्याय छापू नका. ओळ मोकळी सोडा आणि वाक्य मागा. तपासायला वेळ लागेल, तो द्या. पालकांनी क्लासची फी भरताना एकच प्रश्न विचारावा: माझ्या मुलाने लिहिलेली वाक्ये कोण तपासणार आहे? आणि अभ्यासिकेत बसलेल्या मुलांनो, उद्या यादीतला एक वाक्प्रचार घ्या, त्याचे वाक्य लिहा आणि वही तुमच्या सरांपुढे ठेवा. त्यांनी न तपासता परत दिली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवा.